‘कीप’ की ‘डिस्कार्ड’? डाउनलोडच्या चौकटीत अडकलेली आपली कागदपत्रं

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. आधी ही पद्धत काही मोठ्या शहरांपुरतीच होती. आता मालेगाव, परभणी, उदगीरच्या मुलामुलींनाही तोच रस्ता आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये, आधार पीडीएफमध्ये. थोडक्यात, कागद हातात येण्याआधी तो डाउनलोड व्हावा लागतो. नेमकं त्याच वेळी ब्राउझर एक छोटीशी चौकट पुढे करतो आणि इंग्रजीत काहीतरी विचारतो.

आपल्या घरांमध्ये या चौकटीला दोनच उत्तरं मिळतात. कुणी घाबरून ‘कॅन्सल’ करतं, तर कुणी न वाचता ‘ओके’ दाबतं. पहिल्याचा अर्ज अडतो, दुसऱ्याचं बँक खातं धोक्यात येतं. म्हणून हा विषय फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा राहिलेला नाही.

फाइल येतच नाही, तेव्हा

‘सर, बटण दाबलं पण काहीच होत नाही,’ ही तक्रार आम्ही शिक्षक प्रवेशाच्या दिवसांत रोज ऐकतो. बहुतेक वेळा फाइल आलेली असते, दिसत नाही एवढंच. क्रोममध्ये पूर्वी डाउनलोड झालेली फाइल खालच्या पट्टीत दिसायची. २०२३ मध्ये कॉम्प्युटरवरच्या क्रोमने ती पट्टी काढली आणि वर उजव्या कोपऱ्यात बाणाचं छोटं चिन्ह आणलं. फायरफॉक्सनेही २०२२ मध्ये आपली पद्धत बदलली. ‘उघडू की सेव्ह करू’ असं विचारण्याऐवजी तो फाइल थेट उतरवून घेऊ लागला. सवय जुनी आणि पडदा नवा, म्हणून माणूस तेच बटण पाच वेळा दाबतो आणि एकाच अर्जाच्या पाच प्रती तयार होतात. नावापुढे कंसात १, २, ३ असे आकडे येतात. मग घाईत जुनीच, अर्धवट भरलेली प्रत अपलोड होते. उपाय सोपा आहे. कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबा, डाउनलोडची सगळी यादी समोर येते. सेटिंगमधल्या ‘डाउनलोड्स’मध्ये ‘प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचारा’ हा पर्याय चालू केला, की फाइल कुठे गेली हे शोधत बसावं लागत नाही.

दुसरं कारण पॉप-अपचं. अनेक पोर्टल पावती किंवा हॉलतिकीट नव्या खिडकीत उघडतात आणि ब्राउझर ती खिडकी अडवतो. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे तसं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक करून फक्त त्या साइटला परवानगी द्यावी, सरसकट सगळ्यांना नाही.

तिसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एखादी साइट एकामागून एक फाइल देऊ लागली, की क्रोम विचारतो, ‘या साइटला अनेक फाइल डाउनलोड करायच्या आहेत, परवानगी द्यायची का?’ तिथे एकदा ‘ब्लॉक’ दाबलं की तो नकार ब्राउझर लक्षात ठेवतो. नंतर एकापेक्षा जास्त फाइल आल्या की तो न विचारता अडवतो. पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावरून साइट सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिक डाउनलोड्स’ बदललं की काम होतं.

ई-आधारची अडचण वेगळीच. फाइल उतरते, पण उघडताना पासवर्ड मागते. तो म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं साल. ‘फाइल खराब आहे’ म्हणून पुन्हा पैसे देऊन ती काढून आणण्याची गरज नाही.

फाइल स्वतःहून येते, तेव्हा

आता नाण्याची दुसरी बाजू. २०२४ च्या अखेरीस हिमाचल प्रदेश पोलिसांनी व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या लग्नपत्रिकांबद्दल इशारा दिला होता. पत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल येते, म्हणजे प्रत्यक्षात एक अॅप. वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावानेही अशाच फाइली फिरतात. अॅप बसलं की मेसेज वाचले जातात, ओटीपी जातो आणि मागोमाग खात्यातली रक्कमही जाते. शादीचा दावतनामा नाकारायचा कसा, हा आपला स्वभाव, आणि ठगांना तो बरोबर ठाऊक आहे.

इथे फोन आपल्या बाजूने उभा असतो. अँड्रॉइड ८ पासून बाहेरून आलेलं अॅप बसवण्याआधी फोन वेगळी परवानगी मागतो. क्रोममधून एपीके उतरवताना ‘ही फाइल हानिकारक असू शकते’ असा इशाराही येतो. २०२४ मध्ये क्रोमने कॉम्प्युटरवरचे इशारे दोन पायऱ्यांत मांडले: संशयास्पद फाइल आणि धोकादायक फाइल. लाल चिन्ह असेल तर थांबायचंच.

म्हणून उत्तर देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. ही फाइल आपण मागितली होती का? आणि तिच्या नावाचा शेवट कशाने होतो? पत्रिका, चलन, गुणपत्रिका ही पीडीएफ किंवा फोटो असते, एपीके कधीच नाही. नावात मध्ये ‘पीडीएफ’ लिहून शेवटी ‘एपीके’ ठेवण्याची चलाखीही होते, म्हणून नाव शेवटपर्यंत वाचा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.

दोष फक्त आपला नाही

सगळं खापर पालकांच्या डोक्यावर फोडणं बरोबर नाही. २०२० मध्ये क्रोमने जाहीर केलं, की सुरक्षित पानावरून असुरक्षित दुव्याने येणाऱ्या फाइली टप्प्याटप्प्याने अडवल्या जातील. ज्या साइटने आपले जुने दुवे सुधारले नाहीत, तिचा खरा अर्जही ब्राउझर संशयाने रोखतो. मग केंद्रावरचा माणूस सांगतो, ‘कीप दाबा, काही होत नाही.’ खऱ्या साइटवर इशारा डावलायची अशी सवय लागली, की खोट्या फाइलच्या वेळीही बोट तिथेच जातं. सरकारी पोर्टलचा ढिसाळपणा असा ठगांच्या कामी येतो. पोर्टलच्या प्रत्येक डाउनलोड बटणाशेजारी फाइलचं नाव, प्रकार आणि आकार मराठीत लिहायला कितीसा खर्च येणार आहे? उर्दू शाळांच्या पालकांसाठी तेच उर्दूतही देता येईल.

तोवर काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. क्रोमची भाषा मराठी करता येते, म्हणजे हे प्रश्नही मराठीत येतात. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात काम झालं, की आपलं आधार, उत्पन्नाचा दाखला ‘डाउनलोड्स’ फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही आपल्या डोळ्यांसमोर पुसून घ्यावा. यात संकोच कसला? आणि शाळांनी निकालाच्या आधी एक तास पालकांसाठी ठेवावा, खास करून अम्मींसाठी. मुलांचे अर्ज बहुतेक घरांत त्याच सांभाळतात आणि फोनवरची चौकटही त्यांच्याच समोर उघडते.