देहाच्या किमतीचें कर्ज

आजोबांचें कर्ज नातवानें फेडावें, हें आपल्या घरांतून नवें नाहीं. पण वेस्ट इंडीजमधील हैतीच्या नातवांनीं फेडलें तें आजोबांच्या देहाच्या किमतीचें कर्ज होय. तेथील गुलामांनीं फ्रेंच सैन्याशीं लढून १८०४ सालीं स्वातंत्र्य मिळविलें. १८२५ सालीं फ्रान्सनें लढाऊ जहाजें पाठवून आपल्या मळेवाल्यांसाठीं १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. गमावलेल्या मालमत्तेंत हीं माणसेंही धरलेलीं होतीं! १८३८ सालीं ती रक्कम ९ कोटींवर आली खरी; परंतु तिच्यापायीं काढलेल्या कर्जांची फेड १९४७ पर्यंत चालली. शाळा व रस्ते यांस लागणारा पैसा असा परदेशीं गेला. हैतीच्या आजच्या दारिद्र्यास आळसाचें फळ म्हणणारांनीं हा जमाखर्च अवश्य पाहावा.