रात्री दोन वाजता मीटर घेऊन या

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, शीव, मुंबई



सातारा जिल्ह्यातल्या पठारावरून लिहितोय. वनकुसवडे, चाळकेवाडी ही नावं तुम्ही ऐकली असतील, निदान फोटोंत तरी पाहिली असतील. पर्यटक पवनचक्क्यांपुढे उभे राहून काढतात ते फोटो.

आम्ही पवनचक्क्यांना पंखेच म्हणतो. एक आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. दिवसा त्याचं काही वाटत नाही. गुरांच्या घंटा, ट्रॅक्टर, गाड्या यांत आवाज मिसळून जातो. पावसाळ्यात तर वाराच असा उंडारतो की कौलंसुद्धा बोलतात. त्रास होतो तो पाऊस सरल्यावर, निरभ्र रात्री. अंगणात पान हलत नाही, वर पात्यांना मात्र वारा भरपूर. मिनिटाला वीस फेरे, पाती तीन. म्हणजे दर सेकंदाला एक फटकारा. फूप... फूप... वरातीच्या डीजेपुढे हा काहीच नाही. पण डीजे दहाला बंद होतो (निदान व्हावा असा नियम आहे), हा पहाटेपर्यंत चालतो. झोप येईना की माझी आई ते फटकारे मोजत पडते, माळेचे मणी ओढावेत तसे. मध्येच वारा फिरतो, पंख्याचं डोकं वळताना कर्रर्र होतं आणि तिचा आकडा चुकतो.

कंपनीकडे तक्रार केली तेव्हा दोघे जण मीटर घेऊन आले. दुपारी बाराला. वारा पडलेला. कागदावर सगळं ठीक निघालं. चहा घेऊन गेले.

2000 सालच्या ध्वनी नियमांत निवासी भागाला रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे. आमची वाडी 'निवासी' या रकान्यात कुणी लिहिली आहे का, हेच आधी विचारायचंय. त्या नियमांत मर्यादा 10 डेसिबलने ओलांडली की तक्रारीला जागा, म्हणजे 55. हे 10 दिसायला लहान आहेत; तेवढ्यात ध्वनीची ऊर्जा दहापट होते. शिवाय डेसिबल मोजायच्या 'ए' पद्धतीत खर्जातला आवाज कमी धरतात, आणि भिंतीतून आत येतो तो नेमका खर्जच.

केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना घरापासून 500 मीटर सोडायला सांगतात. आमचे पंखे त्याआधीचे. त्याच वर्षी पवन ऊर्जा प्रदूषणाच्या वर्गवारीत 'पांढऱ्या' गटात गेली, म्हणजे तुमच्या संमतीपत्राचीही गरज उरली नाही. धुराच्या हिशेबाने ते बरोबर आहे. कानाचा हिशेब त्यात धरलेला दिसत नाही.

पंखे नकोत असं मी म्हणत नाही. जमीन वडिलांनीच दिली, चुलतभाऊ तिथेच वॉचमन आहे. पण जुने लहान पंखे काढून मोठे बसवायचं केंद्राचं धोरण आलंय. ते मोठे पंखे आमच्याकडे उभे राहण्याआधी वाडीतला रात्रीचा आवाज मोजून ठेवा, आणि 500 मीटरची अट तेव्हा तरी लावा. नव्या यंत्रांना रात्री वेग उतरवून चालवायची सोय असते. वीज थोडी कमी निघेल, एवढंच.

गणपतीत तुमची माणसं शहरांतल्या चौकाचौकांत मीटर घेऊन उभी असतात. त्यातला एक जण दिवाळीनंतरच्या एखाद्या रात्री इकडे पाठवा. अंथरूण-पांघरूण आमच्याकडे आहे. मीटर मागच्या पडवीत लावा, आईच्या खाटेशेजारी. ती जागीच असेल.

कळावे,
पठारावरचा एक रहिवासी