पाण्याच्या तपासणीचा अहवाल कोणाच्या हाती?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक परिसरांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे आले. परीक्षेत आपल्या मुलांना मिळावेत असे वाटणारे हे गुण येथे लाजिरवाणे ठरले. त्यानंतर इरई, झरपट व वर्धा या नद्यांच्या पाण्याची तपासणी वारंवार झाली आहे. तपासणी होत नाही, अशी आमची तक्रार नाही. तपासणीत काय शोधले जाते आणि निष्कर्ष कोणाला कळवले जातात, हे आमचे प्रश्न आहेत.

कोळशाच्या खुल्या खाणीत साचणारे पाणी पंपाने उपसून नाल्यात सोडतात. आपल्याकडील कोळशात गंधक कमी असल्यामुळे हे पाणी मेघालयातील खाणींच्या पाण्यासारखे आम्लधर्मी सहसा नसते. पण खडकातून विरघळलेले क्षार व सल्फेट त्यात पुष्कळ असू शकतात. कोळसा खाणींसाठी २००० साली ठरवलेल्या मानकांत पीएच ५.५ ते ९, तरंगते घन पदार्थ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत आणि तेल व ग्रीस १० मिलिग्रॅमपर्यंत अशा मर्यादा आहेत. पाणी टाकीत निवळू दिले की गाळ तळाशी बसतो व कागदावर सारे ठीक दिसते. विरघळलेले क्षार मात्र निवळत नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फेटची मर्यादा २०० मिलिग्रॅम, व दुसरा स्रोतच नसेल तर ४०० मिलिग्रॅम आहे. नितळ दिसणारे पाणी या कसोटीला उतरेलच असे नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात दुसरी अडचण फ्लोराइडची. ते मुळात खडकातून भूजलात येते. त्यामुळे मुलांच्या दातांवर डाग दिसले की गावकरी खाणीकडे बोट दाखवतात आणि खाणवाले निसर्गाकडे. हा वाद घोषणांनी सुटणारा नाही, रसायनशास्त्राने बराचसा सुटू शकतो. फ्लोराइडयुक्त भूजलात सहसा कॅल्शियम कमी व बायकार्बोनेट अधिक असते, तर खाणीच्या पाण्यात कॅल्शियम व सल्फेट अधिक आढळतात. खाणीच्या वरच्या व खालच्या अंगाच्या विहिरींतून, पावसाळ्यापूर्वी व नंतर नमुने घेऊन हे सर्व घटक एकत्र मोजले, तर कोणाचा वाटा किती याचा अंदाज येतो. केवळ फ्लोराइडचा एक आकडा काहीच सांगत नाही.

निसर्गाचा दोष की उद्योगाचा, हा वाद कॅनडातही झाला. अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या खोऱ्यात वाळूत मिसळलेले डांबरासारखे तेल गरम पाण्याने वेगळे करतात व दूषित पाणी प्रचंड तळ्यांत साठवतात. त्यातील नॅफ्थेनिक आम्ले नदीकाठच्या नैसर्गिक डांबरातूनही झिरपतात, म्हणून नदीत ती आढळली तरी उद्योगावर ठपका ठेवणे कठीण होते. २०१४ साली तेथील केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञांनी या आम्लांचे सूक्ष्म पृथक्करण करून तळ्यांतील पाणी भूजलावाटे नदीकडे जात असल्याचे पुरावे मांडले. तरीही मे २०२२ मध्ये केर्ल खाणीजवळ रंग बदललेले पाणी दिसले, तेव्हा खालच्या अंगाच्या आदिवासी वस्त्यांना गळतीचे खरे स्वरूप कळायला फेब्रुवारी २०२३ उजाडले.

गडचिरोलीचे रसायन निराळे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे लोहखनिज काढले जाते. पावसात लाल गाळ शेतात येतो, अशी तेथील शेतकऱ्यांची तक्रार आहे. हे लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे गाळून तपासलेल्या नमुन्यात ते नगण्य भरते. पण धानाच्या बांधीत पाणी तुंबले की चिखलातील प्राणवायू संपतो, लोहाचे रूप बदलते आणि ते विरघळून रोपांच्या मुळांना बाधू शकते. म्हणजे नाल्याचा अहवाल निर्दोष असूनही धान पिवळे पडू शकते. तपासणी बांधीतल्या मातीची व्हावयास हवी, आणि तीही भर पावसात. जानेवारीतल्या नमुन्याचा येथे उपयोग नाही.

आता निष्कर्षांविषयी. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार नमुना कारखानदाराला नोटीस देऊन, विहित पद्धतीने सीलबंद करून घ्यावा लागतो. तसा न घेतलेला नमुना न्यायालयात पुरावा ठरत नाही. गावकऱ्याने भरलेली बाटली म्हणून तेथे चालत नाही. विश्लेषकाच्या अहवालाच्या तीन प्रती निघतात: एक कारखानदाराला, एक न्यायालयासाठी, एक मंडळाकडे. ते पाणी पिणाऱ्यासाठी चौथी प्रत कायद्यात नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क मानला आहे. पाण्यावर हक्क असेल तर त्याच्या अहवालावर का नसावा? आमच्या मते ही प्रत ग्रामसभेला मराठीत, आणि एटापल्लीसारख्या भागात माडियातून समजावून मिळाली पाहिजे.

तोवर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. साध्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर देण्याचे बंधन त्यात आहे. आपल्या गावासाठी असा अर्ज करणाऱ्यांनी अहवालाच्या प्रतीसोबत तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: नमुना नेमका कोठून घेतला, कोणत्या तारखेला घेतला आणि तो गाळून तपासला की न गाळता.