सहा घरं, सहा बॅटऱ्या

आठवडाभर एसीत बसून दुसऱ्यांच्या (आणि थोड्या आपल्याही) चुका निस्तरल्या की वाटतं, शनिवारी निवांत झोपावं. पण पावसाळ्यात आमच्याकडे शनिवार म्हणजे गवत! पनवेल स्टेशनपासून रिक्षाने पंधरा मिनिटं, गाढी नदीच्या अंगाला आमचं घर. जागा दोन गुंठे, त्यातलं अर्धं मोकळं. जूनच्या सरी पडल्या की पंधरा दिवसांत हिरवंगार आणि ऑगस्टात गुडघाभर. फोटो मस्त येतात. गेल्या वर्षी आईला तुळशीपाशी घोणस दिसली आणि फोटोग्राफी संपली.

पूर्वी वाडीवरचे मामा यायचे, कोयता घेऊन. अर्ध्या दिवसात अंगण साफ. आता आजूबाजूला इतकी बांधकामं चालू आहेत की त्यांना रोज काम मिळतं, आमचं अर्ध्या दिवसाचं कोण करणार? बाबा विळा घेऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरून झोपले. म्हणून यंत्र घ्यायचं ठरलं.

पेट्रोलचं मी पहिल्या फेरीतच बाद केलं. लिटरमागे मापाने टू-टी ऑइल, खांद्यावर सात-आठ किलो, आणि गल्लीभर आवाज. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढतं. वर्षातले आठ महिने टाकीत तसंच राहिलं तर जूनमध्ये कार्बोरेटर उघडत बसा. शेतावर रोज चालवणाऱ्याला पेट्रोलच बरं, वाद नाही. पण दोन गुंठ्यांना?

मग बॅटरीवालं बघायला गेलो आणि डोकं फिरलं. एकावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २०, तिसऱ्यावर चक्क ८८! किंमत मात्र सगळ्यात कमी. आता साधं गणित बघा. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा. पाच एकापुढे एक जोडले की १८. तेच पाच सेल पूर्ण चार्ज असताना चारच्या आसपास दाखवतात, म्हणून कोणी '२० मॅक्स' छापतं. डबा तोच. आणि ८८ वाल्याच्या पोटातही बहुतेक वेळा तेच पाच सेल असतात, आकडा निव्वळ छापखान्यातला. तेव्हा व्होल्ट वाचू नका, वॉट-अवर काढा. १८ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२. ओल्या गवतात यंत्र ३०० वॅट खातं असं धरलं तर जेमतेम चौदा मिनिटं! माझ्या एका गुंठ्याला दोन बॅटऱ्या लागतात. एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या: हातावर वजन कमी, आणि एक चालते तोवर दुसरी चार्ज होते (लाइट असली तर).

वापराचं विशेष काही नाही. नायलॉनची दोरी उन्हाळ्यात वाळून कडक होते, रात्रभर पाण्यात भिजवली की तुटत नाही. काम झालं की झाकणाखालचा ओला चोथा काढायचा, पण नळीने धुवायचं नाही. गरम बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही. गमबूट आणि चष्मा घातल्याशिवाय तर सुरूच करायचं नाही.

खरी गोम पावसाळ्यानंतर आहे. शेजारच्या काकांनी त्यांची बॅटरी ऑक्टोबरात फुल्ल चार्ज करून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. जूनमध्ये काढली तर सहा मिनिटांत मान टाकली. 'वापरलीच नाही हो!' काका म्हणाले. काका, तेच तर! लिथियमची बॅटरी नुसती पडूनही म्हातारी होते, आणि पूर्ण चार्ज अधिक उष्णता म्हणजे तर फारच लवकर. मे महिन्यात पनवेलचा पत्रा किती तापतो ते सांगायला नको. अर्ध्यावर आणून घरातल्या कपाटात ठेवायची, दोन महिन्यांनी एकदा बघायची. (बाबांनी फ्रिज सुचवला होता. कोथिंबिरीशेजारी बॅटरी आईने ठेवू दिली नाही, आणि बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरलं असतं ते वेगळंच.)

म्हणजे आपण वर्षाला पंधरा-वीस तासांसाठी अशी वस्तू घेतो जी वापरून नाही, कॅलेंडरने मरते. आणि आमच्या गल्लीत सहा घरं. तिघांकडे यंत्रं, तीन कंपन्यांची, एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नाही. मेलेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याकडे. २०२२ च्या नियमांनुसार त्या परत घ्यायची जबाबदारी उत्पादकाची आहे, पण विचारतो कोण? माझं म्हणणं, एक चांगलं यंत्र, चार बॅटऱ्या, दोन चार्जर, वर्गणी काढून. दोन रविवारांत सहा घरं आरामात होतात.

तीन घरं तयार झाली. चालवायला कोण? मी मामांकडे गेलो. 'दादा, ते मला जमंल का?' म्हणाले, आणि दहा मिनिटांत माझ्यापेक्षा सफाईने फिरवायला लागले. चपलेवर आले होते, म्हणून तिघांनी मिळून गमबूट घेतले. दुपारपर्यंत तिन्ही अंगणं साफ.

आणि मग वाद! एकजण म्हणाले, एका घराला तास लागला, तर मजुरी तासाचीच. यंत्र आपलं, लाइट आपली.

मला हे पटत नाही. दोन दिवसांचं काम मी स्क्रिप्ट लिहून दोन तासांत उरकलं तर माझा पगार कोणी कापत नाही, उलट अप्रेझलमध्ये टाळ्या. लॅपटॉपही कंपनीचाच असतो. गवत तेवढंच कापलं गेलं, घोणशीची भीती तेवढीच गेली. घरामागे ठरलेले पैसे द्या, मग त्यांना तास लागो की अर्धा दिवस. मी दिले. दुसऱ्या घरानेही दिले. तिसरे अजून बोलत नाहीत माझ्याशी.

असो. घट बसायच्या आधी एक शेवटची कापणी आहे, मामा रविवारी येतो म्हणालेत. कोपऱ्यातला टाकळा मात्र त्यांनी मागच्या वेळी न सांगता सोडला होता, भाजीला. मी पहिल्यांदा यंत्र चालवलं तेव्हा तो सपाट केला होता आणि आईची बोलणी खाल्ली होती.