मुंबईची तिजोरी आणि आपला पैसा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरचा एक तरी माणूस पोटासाठी मुंबईस आहे. कोणी हमाली करतो, कोणी सुतारकाम, कोणी भाजीची पाटी घेऊन बसतो. त्यास महापालिकेच्या अंदाजपत्रकाविषयी विचारले तर तो म्हणेल, “माझे तेथे घर नाही, मी कर भरत नाही, मला त्याचे काय?” हा समज साफ चुकीचा आहे.

घरमालक मालमत्ता कर भरतो तो भाडेकऱ्याच्या खिशातूनच. ३० जून २०१७ पर्यंत मुंबईत येणाऱ्या मालावर जकात होती. तीही शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी बसे. १ जुलै २०१७ पासून जकात गेली, वस्तू व सेवा कर आला, आणि जकातीची भरपाई राज्य सरकार महापालिकेस देऊ लागले. म्हणजे आपल्या खेड्यात साबणाची वडी घेणारी बाईदेखील राज्याच्या तिजोरीत भर घालते, आणि त्याच तिजोरीतून मुंबईस भरपाई जाते. पैसा आपलाही आहे. तर मग हिशेब विचारण्यास लाजावे का?

आता हा हिशेब ठरतो कसा ते पाहू. १८८८ च्या कायद्याप्रमाणे आयुक्ताने ५ फेब्रुवारीच्या आत पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज स्थायी समितीपुढे ठेवावयाचा. समिती तो तपासते, कमीजास्त करते. मग तो सर्व नगरसेवकांच्या सभेपुढे जातो. तेथे मंजुरी मिळाली म्हणजे १ एप्रिलपासून खर्च सुरू. मांडणारा एक, तपासणारा दुसरा, मंजूर करणारा तिसरा, अशी ही तीन हातांची राखण आहे. खळ्यावर मापारी, मालक व गिऱ्हाईक तिघेही हजर असले म्हणजे मापात पाप होणे कठीण, तसेच हे.

परंतु ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली. २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षी अंदाजपत्रक मांडणारा आयुक्तच प्रशासक म्हणून मंजुरी देणारा होता. २०२५-२६ चा आकडा ७४,४२७ कोटी रुपयांचा! त्यावर लोकांनी निवडलेला एकही सभासद बोलू शकला नाही. अधिकारी कितीही सचोटीचा असो, आपले माप आपणच तपासण्याची रीत चांगली नव्हे. अखेर जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली.

पण नगरसेवक निवडून आले म्हणजे काम भागले असे नव्हे. बोलणारा सभासद पाहिजे. १८८० साली पुणे नगरपालिकेत व्हाइसरॉयच्या स्वागतास एक हजार रुपये खर्चावे असा ठराव आला, तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी एकट्यांनी त्याविरुद्ध मत दिले. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लावावा, हे त्यांचे म्हणणे. ठराव पास झाला. पण तो एक हात वर झाला म्हणूनच आज आपणांस तो खर्च ठाऊक आहे.

यास्तव मुंबईतील आमच्या बांधवांनी दोन गोष्टी कराव्या. जानेवारीतच आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास गाठून नळ, संडास, शाळा, दवाखाना यांची मागणी लेखी द्यावी. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर ओरडून उपयोग नाही. दुसरे, छापील अंदाजपत्रकात चालू वर्षाचा मूळ अंदाज व सुधारित अंदाज ताडून पाहावे. शाळेच्या दुरुस्तीस मांडलेली रक्कम वर्षअखेरीस घटविली असेल, तर काम का अडले हे विचारावे. वाचता येत नसेल त्याने शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे.

‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ही म्हण आपण रोज म्हणतो. दळणारे हात आपले आहेत; आता डोळेही उघडले पाहिजेत.