हिरवा फटाकाही भाजतो!

तुम्हीही फटाक्यांच्या खोक्यावरचा हिरवा शिक्का बघून निर्धास्त होता ना? मीही झाले होते. गेल्या दिवाळीत आमच्या लष्कर मोहल्ल्यातल्या गल्लीत माझ्या आठ वर्षांच्या मामेभावाने विझलेली फुलबाजी जमिनीवर टाकली आणि पुढच्याच मिनिटाला तिच्यावर अनवाणी पाय दिला. तळपायाला टम्म फोड! बलिपाड्यमी (म्हैसूरकडे पाडव्याला हेच म्हणतात) स्वारीने पलंगावरच काढली. मी खोकं पुन्हा पाहिलं. 'हसिरु पटाकी', म्हणजे हिरवा फटाका, क्यूआर कोडसकट. सगळं नियमात.

मग मी नियमच वाचायला बसले.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली. फक्त हिरव्या फटाक्यांना परवानगी, माळा बंद, बेरियमवर बंदी, ऑनलाइन विक्रीही बंद. पुढे ७ ऑक्टोबर २०२३ ला बेंगळुरूजवळच्या अत्तिबेलेत फटाक्यांच्या गोदामाला आग लागली आणि त्याच दिवशी १४ जणांचा जीव गेला. काही दिवसांतच कर्नाटक सरकारने लग्नं, राजकीय कार्यक्रम आणि गणेशोत्सवात फटाके बंद केले. तात्पुरत्या दुकानांत किमान ३ मीटर अंतर हवं, दुकानं समोरासमोर नकोत, हेही नियमात आहे. चांगलंच आहे की!

पण 'हिरवा' हा शब्द धुराबद्दल आहे, भाजण्याबद्दल नाही. या फटाक्यांतून धुराचे कण साधारण ३० टक्के कमी निघतात. फुलबाजी मात्र हिरवी असली तरी हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापतेच. आवाजाचंही तसंच. मर्यादा १२५ डेसिबल, पण मोजायचे फटाक्यापासून ४ मीटरवर. आमच्या गल्लीत ४ मीटरवर समोरच्यांची पायरी येते, आणि तिथे आजी बसलेल्या असतात.

म्हणून तर बेंगळुरूचं सरकारी मिंटो नेत्र रुग्णालय दर दिवाळीत डोळ्यांच्या जखमींसाठी खास तयारी ठेवतं. तिथे येणाऱ्यांत फटाका लावणारे असतात, तसे नुसते बघत उभे राहिलेलेही.

यंदा आम्ही आधी पाण्याची बादली भरणार आहोत. विझलेली फुलबाजी थेट तिच्यात. फुसका निघालेला बॉम्ब वाकून बघायचा नाही, लांबूनच पाणी ओतायचं. भाजलंच तर २० मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही. (गेल्या वर्षी ती मीच लावली होती, काय सांगू!) डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, तूप-मलम घालायचं नाही, अडकलेला कण काढायचा नाही. डोळ्यावर स्वच्छ कागदी कप अलगद धरून सरळ दवाखाना गाठायचा. आम्हाला के. आर. रुग्णालय जवळ आहे. तुमच्याजवळ रात्री कोणतं उघडं असतं, ते वसुबारसेलाच विचारून ठेवा.

बादलीची जबाबदारी मामेभावाने स्वतःहून घेतली आहे. बूट घालून.