आडनाव लपवू नका, वाचायला शिका

जर्मनीत 'वेबर' हे आडनाव सर्रास आढळते. समाजशास्त्राच्या पुस्तकात आपण ज्या मॅक्स वेबरला भेटतो, त्याच्या आडनावाचा अर्थ आहे विणकर. 'म्युलर' म्हणजे पीठ दळणारा, 'श्मिट' म्हणजे लोहार. कधीकाळी एका पूर्वजाने माग चालवला, भट्टी पेटवली, आणि त्याची खूण आज प्राध्यापकाच्या, मंत्र्याच्या नावामागे बिनदिक्कत चालते. वेबर म्हणवून घेण्यात तिथे कमीपणा नाही.

सोलापूर तर विणकरांचेच शहर. तरी इथल्या एखाद्या मुस्लिम मुलाला आडनाव विचारा. 'शेख' असे उत्तर येईल. त्याआधी काय होते, असे विचारले की तो गप्प होतो.

मीही गप्प होणाऱ्यांतलाच. आमच्या रेशनकार्डावर शेख. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये पिंजारी. अक्कलकोटकडच्या चुलत घराण्यात नदाफ. एकाच खापरपणजोबाची लेकरे आणि आडनावे तीन! लहानपणी दादीला याचे कारण विचारले, तर ती एवढेच म्हणाली, "अपने लोगां रुई पिंजते थे बेटा, चोरी नहीं करते थे."

दादीचे ते वाक्य समजायला मला बरीच वर्षे लागली. पिंजारी हा कापूस पिंजण्यावरून आलेला आपला देशी शब्द. नदाफ हा अरबी, अर्थ तोच. बगदादमध्ये 922 साली ज्यांना मृत्युदंड दिला गेला ते सूफी मन्सूर अल-हल्लाज, त्यांच्या नावातल्या 'हल्लाज'चा अर्थही पिंजारीच. उत्तरेकडचे पिंजारी 'मन्सुरी' हे नाव त्यांच्यावरूनच लावतात, असे मानले जाते. म्हणजे जे आडनाव आम्ही लपवत होतो, त्याचे नातलग पार बगदादपर्यंत पसरले आहेत.

आपल्या गल्लीतली बाकीची आडनावेही अशीच उलगडून पाहा. बागवान म्हणजे बाग राखणारा. अत्तार अत्तर विकणारा, तांबोळी पानविडा देणारा, मणियार बांगड्या भरणारा, शिकलगार हत्यारांना धार लावणारा. मुजावर दर्ग्याची देखभाल करणारा, तर मुलाणी गावगाड्यातला बलुतेदार. काही शब्द फारसी, काही अरबी, काही संस्कृतातून आलेले, पण राबणारे हात याच मातीतले. 'तुम्ही बाहेरून आलात' असे कुणी म्हणाले तर मोठ्या भाषणाची गरज नाही. आपली आडनावे वाचून दाखवली तरी पुरे.

स्थलांतर आपल्याकडेही झाले, पण ते बहुतेक पोटासाठी. 1857 नंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर मालेगाव-भिवंडीला आले. 1876-78 च्या दुष्काळाने सोलापूरचा मुलूख होरपळला, आणि त्याच काळात, 1877 साली, इथे जुनी मिल उभी राहिली. गावातली कामे सुटलेले लोक शहराकडे वळले. शहरात आल्यावर धंदा बदलला, आणि धंद्याबरोबर अनेकांनी आडनावही बदलले. शेख हे सोयीचे आणि मानाचे होते. आधी कसाई होतो, मग शेख झालो, भाव जमला तर यंदा सय्यद होऊ, अशा अर्थाची एक जुनी फारसी म्हणच आहे. हसू येते, पण ते आपल्यावरच असते.

त्याची किंमत माझ्या चुलतभावाने मोजली. त्याला प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. पिंजारी, बागवान, तांबोळी, मोमीन-जुलाहा अशा अनेक जमाती राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. पण त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. त्याच्याकडे होता तो फक्त वडिलांचा दाखला, आणि त्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द: मुसलमान. आजोबांचे रजिस्टर सापडेपर्यंत मुदत निघून गेली होती. गुणवत्ता होती, हक्कही होता. नव्हता तो फक्त कागद.

काही मित्र म्हणतात, इस्लाममध्ये जात नाही, मग हे उकरायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण सूरह हुजुरातमध्ये वंश आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून असल्याचे सांगितले आहे. मोठेपणा ठरतो तो तकव्याने. हजरत दाऊद चिलखते बनवत. तेव्हा ओळख सांगणे गैर नाही, तिच्यावरून माणूस तोलणे गैर आहे. आणि खरे बोलायचे तर मुलगी देताना-घेताना आपण आडनाव बघतोच. उच्च-नीच पाळताना जात आठवते आणि हक्क मागताना विसरते, हे कसे चालेल?

शेख असण्यातही गैर काही नाही. बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल अमर शेख झाले आणि महाराष्ट्राचे शाहीर ठरले. 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांच्या नावात तर आडनावच नाही. तरी शहर त्यांना विसरले नाही. माणूस आडनावाने मोठा होत नाही. पण आपण कुठून आलो हे ठाऊक नसले, तर दुसरे कुणीतरी आपल्या वतीने ते ठरवते.

म्हणून एक काम करा. या रविवारी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. त्यांचे गाव, धंदा, शाळा विचारून लिहून घ्या. शाळेचे जुने रजिस्टर, गावची जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे फेरफार, काझींच्या वहीतला निकाह, जे मिळेल त्याची नक्कल काढा. नोंद मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. कागद वाट पाहतील, वडीलधारी माणसे पाहणार नाहीत.

माझी दादी आता नाही. पिंजण कोणत्या लाकडाचे होते, हे विचारायचे राहूनच गेले.